पडद्यावरचा शेजार

(सुरतेत साडीच्या डिझाइन स्टुडिओत नव्यानं लागलेल्या भाचीला मामाचा कानमंत्र)

पोरी, उद्या कामावर गेलीस की फोटोशॉप उघडायच्या आधी एक काम कर. त्या कॉम्प्युटरवरचा मोराचा वॉलपेपर काढून टाक आणि तिथे साधा राखाडी रंग टाक. तू म्हणशील, मामा पहिल्याच दिवशी सासूसारखा बोलायला लागला. बोलणारच. डिझायनरच्या डोळ्यावर शेठचा सगळा धंदा उभा असतो, आणि डोळ्यासारखा भोळा अवयव दुसरा नाही. त्याच्यापुढे तू काय मांडून ठेवतेस, त्यावर तो काय सांगेल हे ठरतं.

राणी रंगाची लखलखीत पट्टी घे आणि तिच्या कडेला खरा राखाडी ठेव. राखाडीत हिरवट झाक दिसायला लागेल. तोच राखाडी काळ्यावर ठेवलास तर उजळ दिसेल, पांढऱ्यावर ठेवलास तर गडद. राखाडी तोच असतो, शेजार बदललेला असतो. आता विचार कर, तू पदराचा रामा रंग ठरवते आहेस आणि विंडोच्या डोक्यावर निळीभोर पट्टी आहे, मागून मोराचा पिसारा डोकावतोय, बाजूला व्हॉट्सअॅपची हिरवी विंडो अर्धवट उघडी आहे. तू ठरवलेला रामा त्या सगळ्यांच्या संगतीतला रामा असतो. साडीवर ती संगत नसते.

हे शहाणपण सुरतेचं नाही आणि माझं तर नाहीच. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा जुना राजेशाही विणकाम कारखाना आहे. तिथल्या रंगाई विभागावर 1824 साली मिशेल यूजीन शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ नेमला गेला. विणकरांची त्याच्याकडे तक्रार होती की काळा दोरा नीट काळा होत नाही, निळ्या-जांभळ्याच्या सावल्यांत विणला की मरगळलेला दिसतो. शेव्ह्रलनं दुसऱ्या ठिकाणचा काळा माल मागवून आपल्या काळ्याशी ताडून पाहिला. रंगात खोट नव्हती. दोष शेजारच्या दोऱ्यांचा होता. त्यावर काम करून 1839 साली त्यानं भलामोठा ग्रंथ छापला आणि गडी वयाच्या 102व्या वर्षी वारला. त्यानं निदान तपासून तरी पाहिलं. आपल्याकडे रंग चुकला की डिझायनर मिलवर ढकलतो, मिल शाईवाल्यावर, आणि शाईवाला हवेतल्या दमटपणावर.

म्हणून माझा मंत्र एवढाच आहे: जो शेजार कापडावर खरोखर राहणार आहे तोच पडद्यावर ठेव, बाकीचा हाकलून दे. विंडोचं रूप बदलायचं ते यासाठी. शोभेसाठी बदलायचं असेल तर घरच्या कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते कर.

फोटोशॉपपासून सुरुवात करू, कारण तुझा बहुतेक दिवस त्यातच जाणार. 2012 साली सीएस6 आलं तेव्हापासून फोटोशॉपचा चेहरा मुळातच काळपट असतो. तरुण पोरांना तो आवडतो, सिनेमात दाखवतात तसा दिसतो म्हणे. पण काळ्याच्या मध्ये ठेवलेलं डिझाइन आहे त्यापेक्षा उजळ दिसतं. मग तू ते आणखी गडद करतेस, आणि छापून आल्यावर शेठ विचारतो, हे काळवंडलं कशानं? एडिटमध्ये प्रेफरन्सेस, त्यात इंटरफेस, तिथे चार छटा आहेत. मधली राखाडी घे. शिफ्ट दाबून एफ-1 नं गडद आणि एफ-2 नं उजळ अशीही बदलता येते. कधी नकळत ते बटण दाबलं जाऊन चेहरा बदलला तर घाबरू नकोस, तेवढंच झालेलं असतं. आणखी बारीक गोष्ट म्हणजे डिझाइनच्या भोवतीची रिकामी जागा. तिच्यावर राइट क्लिक केलंस की रंग निवडता येतो आणि तो बाकीच्या फोटोशॉपपेक्षा वेगळा ठेवता येतो. साडीचा तळ फिका असेल, पिस्ता किंवा क्रीम, तर तिथे हलका राखाडी ठेव. नेव्ही किंवा मरून तळ असेल तर मधला. काळा कधीच नाही.

यापुढची गोष्ट आपल्या धंद्यात फार थोडी माणसं वापरतात, म्हणून नीट ऐक. एकच फाइल दोन विंडोत उघडता येते. विंडो मेनूत अरेंज, त्यात शेवटी ‘न्यू विंडो फॉर’ आणि पुढे फाइलचं नाव. हे दोन नग नसतात. एकीकडे बुट्टा हलवलास की दुसरीकडेही हलतो. एकीत बुट्ट्याची पाकळी मोठी करून काम कर, दुसरीत पूर्ण रिपीट लहान करून ठेव, म्हणजे पाकळी सुधारताना अख्ख्या साडीवर त्याचं काय होतंय ते तिथल्या तिथे दिसतं. आणि खरी गंमत पुढे आहे. व्ह्यू मेनूत ‘प्रूफ सेटअप’मध्ये मिलच्या मशीनची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे ते मशीन रंग कसे छापतं त्याची नोंद असलेली फाइल, निवडलीस आणि कंट्रोल-वाय दाबलंस, की छापल्यावर रंग कसा दिसेल त्याचा अंदाज पडद्यावर येतो. हा बदल फक्त त्या विंडोपुरता असतो. म्हणजे एका बाजूला तुझ्या मनातला रंग आणि दुसऱ्या बाजूला मशीनच्या हातातला, एकच डिझाइन शेजारीशेजारी. प्रूफ चालू असलेल्या विंडोच्या डोक्यावर, फाइलच्या नावाजवळ, प्रोफाइलचं नाव दिसतं. ते वाचायची सवय लाव. नाहीतर प्रूफवाल्या विंडोत बसून रंग चढवत राहशील आणि संध्याकाळी कळेल की मशीनच्या मर्यादेशीच भांडत होतीस.

प्रोफाइल मिलकडून मागून घे. लाजू नकोस. सुरतेत निम्मा डिजिटल माल पॉलिएस्टरवर सब्लिमेशननं होतो असं बाजारात कोणीही सांगेल. आकडा सोड, पण एवढं खरं की कागदावर छापलेला रंग मेलेला दिसतो आणि उष्णतेनं कापडावर उतरला की फुलतो. कागद पाहून रंग ठरवणारा फसतो, आणि नुसता पडदा पाहून ठरवणाराही.

आता राखाडीच्या नियमाच्या उलट. एम्ब्रॉयडरीचं पंचिंग, म्हणजे टाक्यांची फाइल, करशील तेव्हा राखाडी ठेवू नकोस. काळ्या जॉर्जेटवर सोनेरी दोरा पडणार असेल तर विलकॉमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्या डिझाइनच्या मागचा रंग काळाच कर. तिथे हा रंग फाइलगणिक ठरवता येतो. कारण तो काळा खरोखरचा शेजारी आहे, तो साडीवर राहणार आहे. पार्टीनं तेच काम राणी रंगाच्या कापडावर मागितलं तर पार्श्वभूमी राणी कर आणि मग सांग की दोरा उठतोय का नाही. छपाईच्या फाइलमध्ये तळ डिझाइनमध्येच असतो, म्हणून बाहेर राखाडी ठेवायचा. भरतकामाच्या फाइलमध्ये तळ कापडाचा असतो, म्हणून तो तुला पडद्यावर आणावा लागतो.

विंडोज स्वतः काय करतं तेही समजून घे. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात कलर्स. तिथे विंडोच्या पट्टीला आणि कडेला रंग देण्याचा खटका आहे. तो चालू केलास तर ज्या विंडोत सध्या टायपिंग होणार तिची पट्टी रंगते, बाकीच्यांची फिकी राहते. हे उपयोगी आहे, पण रंग सगळ्या प्रोग्रामना एकच मिळतो. विंडोज 10 जुलै 2015 मध्ये आलं तेव्हा पट्ट्या सरसकट पांढऱ्या होत्या. लोकांना कोणती विंडो चालू आहे तेच कळेना, तेव्हा नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये रंग परत आला. तू तिथेही राखाडीच निवड. आणि नाइट लाइट! रात्री डोळ्यांना बरं वाटावं म्हणून पडदा पिवळट करणारी ती सोय. ती एका विंडोला लागत नाही, सगळ्या पडद्याला लागते. रात्रपाळीच्या पोरानं ती वेळेवर लावून ठेवलेली असते आणि संध्याकाळी सूर्यास्त झाला की तुझा क्रीम रंग पिवळा पडायला लागतो. ती पहिली बंद कर.

हे झालं डिझाइनच्या कॉम्प्युटरचं. आता ऑफिसच्या कॉम्प्युटरची गोष्ट पूर्ण उलटी आहे. तुझा भाऊ रिंगरोडच्या मार्केटमध्ये हिशेब ठेवणाऱ्या मेहताजीच्या हाताखाली बसतो ना, त्याला हा भाग वाचून दाखव. तिथे रंग पारखायचा नसतो, विंडो ओळखायची असते. म्हणून तिथे जितके भडक रंग लावता येतील तितके लाव.

जीएसटी 1 जुलै 2017 ला आला तेव्हा इथले कापड व्यापारी दुकानं बंद करून रस्त्यावर उतरले होते, तुझ्या लहानपणी. संप मिटला आणि प्रत्येक गादीवर कॉम्प्युटर आला. आज एका शेठच्या दोन-तीन फर्म असतात. एक सुरतेची, तिचा जीएसटी नंबर 24 नं सुरू होतो, कारण तो गुजरातचा कोड. एक भिवंडीची, ती 27 ची, महाराष्ट्राची. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 रिटर्न भरायचा, 20 तारखेला जीएसटीआर-3बी. दोन्ही फर्मच्या विंडो दिसायला अगदी सारख्या, तेच निळं पोर्टल. अशा वेळी 24 ची विक्री 27 मध्ये चढवणं किती सोपं आहे, हे मार्केटमध्ये कुणालाही विचार. कुणी आपल्या दुकानाचं सांगणार नाही, शेजारच्याचं मात्र सांगेल.

उपाय फुकट आहे. क्रोममध्ये वर उजवीकडे गोल चिन्ह असतं, तिथून नवं प्रोफाइल बनव. प्रत्येक फर्मला एक. त्याला नाव दे आणि रंग दे. सुरतेला हिरवा, भिवंडीला भगवा, शेठच्या घरच्या कामाला जांभळा. विंडोची सगळी वरची पट्टी त्या रंगाची होते. दुसरा फायदा त्याहून मोठा. प्रत्येक प्रोफाइलचं लॉगिन वेगळं राहतं, त्यामुळे दोन फर्म एकाच वेळी उघडल्या तरी एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. टास्कबारवर प्रत्येकीचं चिन्हही वेगळं येतं. एकाच प्रोफाइलच्या दोन विंडो असतील तर ‘मोअर टूल्स’मध्ये ‘नेम विंडो’ आहे, तिथून त्यांना ‘ई-वे बिल’, ‘बँक’ अशी नावं देता येतात. भगवी विंडो समोर असताना 24 चं बिल हातात असेल तर हात आपोआप थबकतो. त्या थबकण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

एक्सेल मात्र हट्टी आहे. 2013 पासून प्रत्येक वर्कबुक आपल्या वेगळ्या विंडोत उघडतं, पण सगळ्यांचा चेहरा एकच. थीम बदललीस तर सगळ्या ऑफिसचीच बदलते. म्हणून रंग आतूनच द्यायचा. पहिल्या ओळीत फर्मचं नाव मोठ्या अक्षरात, तिला फर्मचा रंग, ती ओळ फ्रीझ करून टाक, आणि खालच्या शीटच्या टॅबवर राइट क्लिक करून तिथेही तोच रंग. क्रोमला दिलेलाच रंग घ्यायचा बरं का. एका फर्मला दोन रंग दिले तर काहीच न दिल्यासारखं.

कॅल्क्युलेटर सारखा मागे जातो म्हणून लोक वैतागतात. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये ‘स्टँडर्ड’ शब्दाशेजारी एक छोटं चिन्ह आहे, ते दाबलं की तो लहान होऊन सगळ्यांच्या वर चिकटून बसतो. दुसरी कुठलीही विंडो अशी चिकटवायची असेल तर मायक्रोसॉफ्टचाच पॉवरटॉइज नावाचा फुकट संच टाक. विंडोज, कंट्रोल आणि टी ही तीन बटणं दाबलीस की समोरची विंडो वरच राहते आणि तिच्याभोवती रंगीत कड येते. कडेचा रंग आणि जाडी आपण ठरवायची. दुकानात ती लाल जाड ठेव. तुझ्या डिझाइनच्या कॉम्प्युटरवर राखाडी बारीक, का ते आता सांगायला नको. त्याच संचात ‘क्रॉप अँड लॉक’ आहे. पार्टीनं पाठवलेल्या मॅचिंग चार्टच्या मोठ्या विंडोतला तुला हवा तेवढाच चौकोन कापून लहान विंडो म्हणून बाजूला ठेवता येतो. व्हॉट्सअॅपचा हिरवा पसारा मग नजरेसमोर ठेवायला नको. आणि पार्टीचा चार्ट फोनवरून काढलेला असतो, त्यातल्या रंगावर भरवसा ठेवू नकोस, नंबर वाच.

जुन्या पंचिंग सॉफ्टवेअरची एक भानगड तुला पहिल्याच आठवड्यात भेटेल. नव्या 4के मॉनिटरवर त्याची बटणं मुंगीएवढी दिसतात. कोणीतरी सल्ला देईल की मॉनिटरचं रिझोल्यूशन कमी कर. करू नकोस, त्यानं सगळंच बिघडतं. त्या एकाच प्रोग्रामच्या चिन्हावर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. खाली ‘ओव्हरराइड’ला टिक करून आधी ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडून पाहा. त्यानं जमलं नाही तर नुसतं ‘सिस्टिम’. अक्षरं थोडी पुसट होतील पण वाचता येतील. टाक्यांचं माप फाइलमध्ये मिलिमीटरमध्ये असतं, पडद्यावर मोठं दिसलं म्हणून मशीनवर मोठं पडत नाही. ही भीती खूप जणांना असते.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो, जरा रेंगाळलो तर चालवून घे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज 11 चढत नाही, त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. सुरतेतल्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात किती धडधाकट मशीन अशी भंगारात निघाली असतील. ज्यावर फोटोशॉप चालवायचं नाही, नुसती ब्राउझरमधली बिलं करायची आहेत, त्यावर लिनक्स टाक आणि डेस्कटॉप केडीई घे. योगायोग असा की केडीईचा जन्म 14 ऑक्टोबर 1996 चा. जर्मनीत ट्युबिंगेनला शिकणारा माथियास एट्रिश नावाचा विद्यार्थी, त्याची तक्रार काय, तर लिनक्सवरचे प्रोग्राम दिसायला एकसारखे नाहीत. सगळ्यांचं रूप एक करायला निघालेल्या त्याच केडीईत आज प्रत्येक विंडोला वेगळं रूप देण्याची सगळ्यात भरभक्कम सोय आहे. मला तर विंडोजमध्ये याच्या पासंगालाही पुरणारं काही सापडलेलं नाही.

विंडोच्या पट्टीवर राइट क्लिक कर किंवा ऑल्ट-एफ3 दाब. ‘मोअर अॅक्शन्स’, त्यात विंडोपुरतं किंवा प्रोग्रामपुरतं असं दोन तऱ्हेचं खास सेटिंग आहे. तिथे नियम लिहायचे. या प्रोग्रामच्या पट्टीची रंगसंगती लाल. तो नेहमी उजव्या अर्ध्यात उघडावा. मागे गेला की थोडा पारदर्शक व्हावा. प्रत्येक नियमाला विचारतं की लागू कसा करायचा. ‘अप्लाय इनिशियली’ म्हणजे उघडताना लागतो, नंतर तू बदलू शकतेस. ‘रिमेंबर’ म्हणजे तू शेवटी जसं ठेवलंस तसं लक्षात ठेवतो. ‘फोर्स’ म्हणजे कोणी काही केलं तरी ऐकत नाही. जागा आणि आकाराला ‘रिमेंबर’ दे, रंगाला ‘फोर्स’. उलटं केलंस तर विंडो सरकता सरकत नाही आणि लोक म्हणतात कॉम्प्युटर अडकला.

दोन गोष्टींत सांभाळ. अपारदर्शकता सत्तर टक्क्यांच्या खाली नेऊ नकोस, खालच्या विंडोचे आकडे वरच्या आकड्यांत मिसळून दिसतात आणि हिशेबात याहून वाईट काही नाही. दुसरं, पट्टी आणि चौकट काढून टाकण्याचाही नियम आहे. जागा वाचते, पण मग पट्टीवर राइट क्लिक करायला पट्टीच उरत नाही. तेव्हा ऑल्ट-एफ3 आठव, ते पट्टीशिवायही मेनू आणतं.

आता परत विंडोजकडे. तिथे दुसरा मॉनिटर काढून नेला की कधी कधी एखादी विंडो पडद्याबाहेर राहून जाते. टास्कबारवर दिसते, समोर येत नाही. तेव्हा ती निवडून विंडोज, शिफ्ट आणि बाण दाब. नाही आली तर ऑल्ट-स्पेस, मग एम, मग बाण एकदा दाब आणि माउस हलव. विंडो माउसला चिकटून येते.

राहिली पाळीची गोष्ट. तुझी खुर्ची रात्री दुसऱ्याची असते. तो येऊन तुझी राखाडी पुसेल, तू सकाळी त्याची काळी पुसशील, आणि दोघांची रोजची धुसफूस होईल. त्यापेक्षा मालकाला सांगून त्याच मशीनवर दोन यूजर अकाउंट करून घ्या. वॉलपेपर, पट्टीचा रंग, नाइट लाइट, ब्राउझरची प्रोफाइल, सगळं ज्याचं त्याच्याकडे राहतं. फोटोशॉपमध्ये पॅनेल मनासारखी लावलीस की विंडो मेनूत वर्कस्पेस, तिथे आपल्या नावानं ठेवून दे, कोणी हलवली तरी एका क्लिकमध्ये परत येतात. केडीईचे नियम फाइल म्हणून बाहेर काढता येतात, पॉवरटॉइजच्या सेटिंग्जचाही बॅकअप घेता येतो. दोन्ही पेन ड्राइव्हवर ठेव, आणि ड्राइव्ह पर्समध्ये, स्टुडिओच्या ड्रॉवरमध्ये नको.